शेपटाकडचं हाड

कुबातने हाड चुकीचं वाढलं असं चोल्पोनला वाटलं, आणि लगेच आठवलं की कुबात हाडांत चुकत नाही. कंपनीची गाडी चालवताना तो चुकतो, एकेरी रस्त्यात उलटा घुसतो, मेदेरच्या बायकोला मेदेरच्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. पण मेंढी शिजून समोर आली आणि माणसं टेबलाभोवती बसली, की कुठलं हाड कुठल्या ताटात जायचं हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. कमरेचं हाड सगळ्यात वडील पुरुषाला, मांडीचं त्याच्या खालच्याला, खांद्याचं मधल्यांना, बरगड्या आणि मणके पोरासोरांना. माणूस नोकरीत काय आहे हे कागदावर लिहिलेलं असतं. खरोखर काय आहे हे बिश्केकमध्ये ताटात कळतं. सहा वर्षं चोल्पोनच्या ताटात मणका पडत आला होता. मणक्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मणका खायला वेळ लागतो, फटींतून मांस उकरावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणाशी बोलावं लागत नाही. आज तिच्यापुढे शेपटाकडचं हाड आलं होतं. कुयमुल्चाक. चरबीने चकचकीत, गुबगुबीत, बाळसं धरल्यासारखं. हे हाड बसलेल्यांतल्या सगळ्यात वडील बाईचं असतं.

"घ्या, एजे," कुबात म्हणाला.

एजे म्हणजे थोरली बहीण, आके म्हणजे थोरला भाऊ. कुबात बावन्न वर्षांचा आणि चोल्पोन तेहतीस. कालपर्यंत तो तिला "ए पोरी" म्हणत होता.

"कुबात आके, हे माझं नाही."

"मग कोणाचं? आयपेरीचं?" त्याने टेबलाच्या टोकाला बसलेल्या, चित्रं काढणाऱ्या तेवीस वर्षांच्या आयपेरीकडे सुरी रोखली. "तिला अजून अक्कलदाढ यायचीय. ऑफिसात बायका दोन. मोठी तू. माझं गणित एवढं वाईट नाही."

टेबलावर हशा पिकला. आयपेरीने तोंड उघडून सगळ्यांना दाढा दाखवल्या. चोल्पोनही हसली, कारण न हसण्याला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसात बायका तीन होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. हे हाड तेव्हा शारापात एजेचं होतं, हेही. पण गरम मांस समोर असताना वजाबाकी मोठ्याने करायची नसते. कुबातने ती हाडांत करून दाखवली आणि पुढच्या ताटाकडे वळला.

जेवण नव्या बोर्डाच्या नावाने होतं. मेदेर हा मालक, वय एक्केचाळीस. नवीन गाडी घेतली, नवीन घर घेतलं की रक्त सांडायचं ही घरातली रीत, आणि नवा बोर्ड हा दोन्हींपेक्षा मोठा असं त्याचं मत होतं. सकाळी मागच्या अंगणात मेंढी पडली, दुवा झाला, आणि मग प्रश्न आला की रक्ताचा ठिपका लावायचा कुठे. गाडीला चाक असतं, घराला उंबरा असतो. कामांची यादी ठेवणाऱ्या बोर्डाला दोन्ही नाही. तो जर्मनीतल्या कुठल्याशा गोदामात राहतो असं तिलेकने, त्यांच्या सगळ्यात हुशार प्रोग्रामरने, सांगितलं. "मग इंटरनेटच्या डबीला लाव," मेदेर म्हणाला. कुबात म्हणाला, असं कोणी करत नाही. मेदेर म्हणाला, असा बोर्डही कोणी घेत नाही. डबीला ठिपका लागला. अर्धा तास इंटरनेट गेलं. ते रक्तामुळे की कुबातने पुसताना वायर ओढली म्हणून, यावर अजून दोन मतं होती.

कंपनीचं काम म्हणजे शहरातल्या मिनीबस थांब्यावर किती मिनिटांत येतील हे लोकांच्या फोनवर सांगायचं. बस कधी येणार हे सांगणारं अ‍ॅप स्वतः कधी नीट होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून बोर्ड हवा होता. प्रत्येक कामाचं एक कार्ड, प्रत्येक कार्डावर एक नाव आणि एक तारीख. जुन्या बोर्डात सहा वर्षांची कार्डं होती. नावं मात्र बरीच ओसाड झाली होती: कोणी वॉर्सात, कोणी सोलमध्ये, कोणी दुबईत टॅक्सी चालवत होतं, आणि एक जण सगळं सोडून डोंगरात मधमाश्या पाळत होता. ते गेले तरी जुन्या बोर्डाने त्यांना घालवलं नव्हतं. त्यांची नावं करडी करून ठेवली होती, घरात गेलेल्यांचे फोटो असतात तशी, आणि त्या फोटोंखाली त्यांची अर्धवट कामं तशीच पडून होती. चोल्पोनला ते आवडायचं. कंटाळा आला की ती मधमाशीवाल्याची कार्डं वाचायची. "पावसात नकाशा डावीकडे सरकतो. का?" त्याच्या खाली काहीच नाही. चार वर्षं ते "का?" तसंच उभं होतं आणि कोणाला त्याचा त्रास नव्हता.

नवा बोर्ड सीमेपलीकडच्या अल्माटीच्या लोकांनी सांगितला होता. अल्माटीचे लोक म्हणजे ज्यांच्या पैशांवर कंपनी चालत होती ते. त्यांच्या वतीने राउआन नावाचा एक तरुण पडद्यावर यायचा. गोड बोलायचा, सगळ्यांची नावं बरोबर उच्चारायचा, आणि प्रत्येक बातमी अशी द्यायचा की ऐकणाऱ्याने आभार मानावेत. नव्या बोर्डात करडी नावं चालत नव्हती. प्रत्येक कार्डाला जिवंत, कामावर असलेलं माणूस हवं. काम पुरं केलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक पाणमांजर यायचं आणि टाळ्या वाजवायचं. तारीख उलटली की तेच पाणमांजर डोक्याला हात लावून बसायचं. आणि दर सोमवारी नऊ वाजता प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी, जेवढी कामं तुंबली तेवढी लांब, असा तक्ता आपणहून अल्माटीला जायचा.

ही सगळी हलवाहलव चोल्पोनच्या अंगावर आली, कारण मेदेरने "हे कोण करेल?" असं विचारलं तेव्हा ती पाणी पीत होती आणि तिला नाही म्हणता आलं नाही. मांडणी करताना बोर्डाने तिला चाळीस प्रश्न विचारले होते. आठवड्याची सुरुवात कुठल्या वारी? रंग कुठला? माणूस सोडून गेलं तर त्याची कामं कोणाकडे जावीत? या शेवटच्या प्रश्नाला पाणमांजराने स्वतःच एक उत्तर सुचवलं होतं: ज्याने ती दिली त्याच्याकडे परत. तिला ते फार शहाणपणाचं वाटलं. तिने खूण केली. पाणमांजराने टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मेदेरने अशार बोलावला. खेड्यात कोणाचं घर बांधायचं असलं की सगळा गाव येतो, विटा वाहतो, जेवतो आणि जातो, तसा. सगळे आले. आयपेरीने मांस भरलेले सामसे आणले, तिलेकने कलिंगड आणलं, आणि ज्याने त्याने आपापली कार्डं जुन्या बोर्डातून नव्यात वाहून नेली. गाणी चालू होती. मेदेरने स्वतःची सात कार्डं नेली आणि थकून कोचावर पडला. दुपारपर्यंत जुना बोर्ड रिकामा झाला. उरली ती करड्या नावांची. अशारात असंच होतं. ज्याचं घर त्याच्या विटा सगळे वाहतात, पण शेजारच्या पडक्या घराला कोणी हात लावत नाही. "ही कोणाची?" तिलेकने विचारलं. "कोणाचीच नाही," चोल्पोन म्हणाली. "मग पुसून टाक." तेव्हा कोचावरून आवाज आला, "एकही कार्ड हरवायचं नाही. मी राउआनला शब्द दिलाय." मेदेर झोपेतही शब्द पाळायचा, पाळायचं काम दुसऱ्याला द्यायचा.

अकराशे त्रेचाळीस.

रविवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, ती घरच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली होती. नवरा मुलीला बागेत घेऊन गेला होता, शेगडीवर बटाटे उकडत होते. बोर्ड विचारत होता: जबाबदार व्यक्ती कोण? तिने जागा रिकामी ठेवून पाहिली. पाणमांजराने मान हलवली. तिने स्वतःचं नाव घातलं. क्षणभर पडद्यावर तिची पट्टी उठली आणि कडेच्या पलीकडे गेली, आणि तिच्या मानेवर एक गार बोट फिरल्यासारखं झालं. तिच्या शाळेत दर शनिवारी नखं तपासायचे. बाई रांगेतून फिरायच्या आणि ज्याची मळकी त्याचं नाव फळ्यावर. चोल्पोनची नखं कायम स्वच्छ असायची, पण बाई जवळ आल्या की तिला खात्री वाटायची की आजची मळकी आहेत. एकदा तर तिने तपासणीआधीच शेजारच्या मुलीचा हात धरून वर केला होता. "बाई, हिची बघा." त्या मुलीचं नाव आठवत नव्हतं. नखं आठवत होती. तिने स्वतःचं नाव खोडलं. पट्टी खाली बसली. मग तिने शारापात एजेचं नाव घातलं.

तिच्याकडे कारण होतं, आणि ते वाईटही नव्हतं. शारापात एजे बोर्ड बघतच नसे. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची, आता अ‍ॅप तपासायची, आणि तपासायची म्हणजे सकाळी सातला घरून निघून मिनीबसमध्ये बसायची. चौकटीच्या वहीत लिहायची: "अ‍ॅप म्हणालं सात बेचाळीस. आली सात एकावन्न. ड्रायव्हर नवा. मागची खिडकी बंद होत नाही. एक बाई रडत होती, अ‍ॅपमुळे नाही." कंपनीत जे काही खरं होतं ते त्या वहीत होतं. नव्या बोर्डावर तिचं नाव होतं, पण त्या नावाने ती एकदाही आत आली नव्हती. म्हणून तिथे अकराशे त्रेचाळीस कार्डं ठेवणं म्हणजे बसमध्ये रिकाम्या जागेवर पिशवी ठेवण्यासारखं. कोणी आलं की उचलायची. सोमवारी सकाळी लवकर जाऊन उचलू, वाटून टाकू. बटाटे उकडून फुटले होते. तिने गॅस बंद केला आणि तिला छान झोप लागली.

सोमवारी ती साडेआठला पोचली. ऑफिसात कोणी नव्हतं. तिने बोर्ड उघडला. तिच्या नावापुढे शून्य होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा. पाणमांजर टाळ्या वाजवत होतं, आणि मधेच थांबून पुन्हा वाजवत होतं, जसं काही पहिल्यांदा वाजवल्यावर त्याचंच समाधान झालं नव्हतं. हे शून्य कोणीतरी बघावं असं तिला वाटलं. एकदाच. कार्डं परत वाटायची म्हटलं तर निदान सत्तर तिच्या वाट्याला आलीच असती. तिने चहा केला. साखर शोधली. नऊ वाजले, आणि तिने स्वतःला सांगितलं की आता उशीर झाला, तक्ता गेला. खांद्यांवरून काहीतरी उतरलं. उशीर झाला की माणसाला फार मोकळं वाटतं. पण तक्ता गेला नव्हता. तो अल्माटीच्या नऊला जायचा, आणि अल्माटीकरांनी आपली घड्याळं तासभर मागे घेतल्याला बराच काळ लोटला होता; चार तासांच्या रस्त्यावरचं शहर, पण त्यांचे नऊ वाजतात तेव्हा बिश्केकात दहा. तिला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. यावर रोज कोणी ना कोणी विनोद करायचं. तीही करायची. तरी त्या सकाळी एक अख्खा तास ती चहाचा कप धरून खिडकीपाशी उभी राहिली, खाली कुबात गाडी मागे घेत होता, आणि तिने स्वतःला ते आठवू दिलं नाही. आठवण आली तेव्हा दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

बुधवारी राउआन पडद्यावर आला. तक्ता दाखवला. सगळ्यांच्या पट्ट्या नखाएवढ्या, आणि एक पट्टी पडद्याच्या बाहेर. राउआन सरकवत गेला, सरकवत गेला, पट्टी संपेना. तिलेक आधी हसला. मग आयपेरी. मग मेदेरसुद्धा, कारण ते खरंच हसण्यासारखं होतं. कोणी इतकं मागे असू शकतं याचीच गंमत वाटत होती. तिलेकने शनिवारी विचारलेला प्रश्न त्याला आठवला असेल का? त्याला कलिंगड आठवलं असेल. शारापात एजे हसली नाही. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन ती पट्टीकडे बघत राहिली, नकाशात आपलं गाव शोधावं तशी.

"एजे, ही सगळी तुमच्याकडे कधीपासून?" राउआनने हळुवारपणे विचारलं.

"माझ्याकडे?" ती म्हणाली. तिने पुढे झुकून दोन-तीन कार्डांची नावं वाचली. पावसात नकाशा डावीकडे सरकतो. का? तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र गोष्ट झाली: तिला ते ओळखीचं वाटलं. सहा वर्षं एकाच खोलीत बसल्यावर कोणालाही वाटलं असतं. "हो... हे ऐकलंय मी." तिने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "विसरले असेन."

"एवढं?"

"माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं," शारापात एजे म्हणाली, आणि खोलीतलं हसू कोणीतरी चिमटीत धरून उचलावं तसं गेलं. चोल्पोन तिच्या उजव्या हाताला बसली होती. टेबलाखाली तिचा गुडघा एजेच्या गुडघ्याला लागला होता. तिने तो हलवला नाही. हलवला असता तर कळलं असतं की तो लागलेला आहे.

आठवड्याभरात एजेचं काम सुटलं, आणि निरोप रीतसर झाला. मेदेरने मखमली चपान, मानाचा लांब झगा, तिच्या खांद्यावर घातला, विजेची किटली दिली, भाषण केलं. वही शारापात एजेने चोल्पोनच्या हातात दिली. "तूच ठेव. तुझं अक्षर माझ्यासारखं आहे." ते खोटं होतं, चोल्पोनचं अक्षर कोणासारखंच नव्हतं.

"अगं एजे, खा ना," कुबात आता जेवणाच्या टेबलापाशी पुन्हा चोल्पोनच्या मागे उभा होता. "थंड झालं की त्याची मेणबत्ती होते. नाही म्हणू नको हाडाला, मेंढीला वाईट वाटतं."

"मेंढीला आता काय वाटायचंय?"

"तिला नाही. मला. सकाळपासून राबतोय."

चोल्पोनने सुरी उचलली, आणि टेबलावर ठेवलेला तिचा फोन थरथरला. पडद्यावर शारापात एजेचं नाव होतं. ते आयपेरीने वाचू नये म्हणून तिने फोन उलटा केला, आणि उलटा केल्यावर तो जास्तच जोरात थरथरला. ती उठून जिन्यात गेली. जिन्यात मेंढीच्या रस्स्याचा वास वरपर्यंत भरला होता.

"काय गं, जेवताय ना? कुबातने सांगितलं मला. मीठ नीट पडलंय का? तो हात आखडतो."

"पडलंय, एजे."

"आणि शेपटाकडचं कोणाला?"

भिंतीवर कोणीतरी पेन्सिलीने एक बाण काढला होता, कुठेच न जाणारा. "मला."

पलीकडून हसू आलं, खरंखुरं, खोकल्यापर्यंत गेलेलं. "म्हातारी झालीस, पोरी! आता गुडघे दुखायला लागतील बघ. त्या हाडाबरोबर येतात ते." मग श्वास घेऊन ती म्हणाली, "ऐक, मी एका कामाला फोन केला. त्या कार्डांतलं एखादं तरी काम मी केलं होतं का गं? तू तिथे होतीस. थोडी केली असतील ना? डॉक्टर विचारतो, कधीपासून विसरताय, आणि मला तेही सांगता येत नाही. मला ती कार्डं मिळाल्याचंच आठवत नाही. तो म्हणतो हे वाईट लक्षण आहे. कामं विसरणं वेगळं, कामं होती हेच विसरणं वेगळं."

"डॉक्टर?"

"माझ्या मुलीने नेलं. डोक्याचा फोटो काढायचाय सोमवारी. परवा त्याने मला घड्याळ काढायला सांगितलं. कागदावर. मी काढलं, सुंदर काढलं, भूगोलाची बाई मी, वर्तुळ हाताने काढते. तर म्हणतो, यात दहा वाजलेले दाखवा. मी विचारलं, आपले दहा की अल्माटीचे? गंमत केली गं मी. त्याने लिहून घेतलं."

जिन्यात खालून कोणी वर येत होतं. मग ते पहिल्या मजल्यावरच थांबलं आणि दार बंद झालं.

"मुलगी फार काळजी करते," शारापात एजे सांगत होती. "शेगडीची बटणं काढून घेऊन जाते सकाळी, पर्समध्ये. मी दिवसभर किटलीवर. तुमचीच किटली, चांगली आहे. आणि एकटीने बाहेर जायचं नाही म्हणते. बसमध्ये तर मुळीच नाही. उतरायचं विसरलीस तर? मी म्हटलं, अगं, मला अख्खं शहर थांब्याथांब्याने पाठ आहे. म्हणते, आजीलाही पाठ होतं. आता मी खिडकीतून बघते. अडतीस नंबर आज अकरा मिनिटं उशिरा आली. वहीत लिहून ठेव."

"ठेवते."

"सांग ना मग. केली होती का मी काही?"

एक वाक्य होतं. फार मोठंही नव्हतं. ते चोल्पोनच्या जिभेवर आलं, त्याची चव तिला कळली, साखर न सापडलेल्या चहासारखी. ते बोललं की पलीकडच्या बाईचं डोकं तत्काळ बरं होणार होतं, बटणं शेगडीवर परत येणार होती, अडतीस नंबरच्या मागच्या खिडकीपाशी एक जागा भरणार होती. आणि इकडे आत एक शून्य होतं, एक नवीन हाड होतं, आणि दार उघडून आयपेरी म्हणत होती, "एजे, चला, मेदेर आके बोर्ड दाखवतोय!" आयपेरीनेही एजे म्हटलं होतं. एका जेवणात.

"थोडी केली होती तुम्ही," चोल्पोन म्हणाली. "सुरुवातीला. मग... हळूहळू."

"हळूहळू," शारापात एजे म्हणाली. तिने कुठेतरी ते लिहून घेतलं असावं. पेनाचा आवाज आला. "बरं झालं सांगितलंस. सगळे गोड बोलतात, खरं कोणी सांगत नाही."

"औषधं वेळेवर घ्या, एजे."

"घेते. आठवण राहिली तर." आणि पुन्हा ते हसू.

आत टेबलाच्या टोकाला मोठा पडदा लावला होता. अर्ध्या पडद्यावर राउआन होता. तिकडे तोही जेवत होता, पुलाव, सोबत म्हणून. अर्ध्यावर नवा बोर्ड. चोल्पोनला वरच्या बाजूची, दारापासून लांबची जागा करून दिली होती, हाडाच्या मानाप्रमाणे. ती बसली. हाड खरंच मेणचटायला लागलं होतं. तिने एक तुकडा कापून तोंडात टाकला. मांस उत्तम शिजलं होतं. हे तिला आवडलं नाही, पण शिजलं होतं. जीभ माणसाला विचारून चव घेत नाही. तिने दुसरा तुकडा कापला. हाताला चरबी लागली होती, आणि नखांच्या कडेला काळपट रेघ दिसत होती. तिने हात मांडीवर घेतला.

"मंडळी," मेदेर उभा राहिला, हातात चहाचा वाडगा. "एक कार्ड हरवलं नाही. एक! मी शब्द दिला होता." टाळ्या झाल्या. "आता यादी स्वच्छ करू. तिलेक, जी माणसं नाहीत त्यांची नावं काढ. राउआनसमोरच."

"एकच आहे," तिलेक म्हणाला. त्याने कमरेला हात पुसले आणि कळ दाबली. पडद्यावर शारापात एजेचा छोटा गोल फोटो आला, चष्मा कपाळावर. खाली पाणमांजर आलं, त्याने पंजा हलवून निरोप घेतला, आणि फोटो गेला. सगळ्यांना पाणमांजर फार आवडलं. आयपेरी म्हणाली, "किती गोड."

आणि मग बोर्डाने ते केलं जे त्याला करायला सांगितलेलं होतं. ज्याने दिली त्याच्याकडे परत. चोल्पोनच्या फोनने एक टुणक आवाज केला. मग आणखी एक. मग मोजता येणार नाहीत इतके, मटार ताटात ओतावेत तसे. पडद्यावर तिच्या नावापुढचं शून्य हललं आणि तिथून एक पट्टी निघाली, घाई न करता, आयपेरीच्या पट्टीला मागे टाकून, तिलेकच्या, मेदेरच्या, राउआनच्या पुलावाखालून, पडद्याच्या कडेपर्यंत आणि पलीकडे. पाणमांजर डोक्याला हात लावून बसलं.

कोणीतरी चघळायचं थांबलं. राउआनने चमचा खाली ठेवला आणि सरकवायला लागला. सरकवत गेला, सरकवत गेला.

"चोल्पोन," तो हळुवारपणे म्हणाला. नाव त्याने नेहमीसारखंच बरोबर उच्चारलं. "ही सगळी तुमच्याकडे कधीपासून?"

टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघत होते. हसायचं की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून ठरवायचं होतं. तिला सगळं समजावून सांगता येत होतं. नियम होता, खूण होती, टाळ्या होत्या. पण नियम समजावला की लगेच विचारलं जाणार होतं, तुमच्याकडे परत का आली? म्हणजे आधी दिली कोणी? ते वाक्य जिन्यातलंच होतं, तेच, फक्त आता त्याने कोणाचंही डोकं बरं होणार नव्हतं, असं तिने स्वतःला सांगितलं. पावसात नकाशा डावीकडे सरकतो, पडद्यावर लिहिलं होतं. का? आणि क्षणभर, अगदी प्रामाणिकपणे, तिला वाटलं की आपण हे ऐकलंय, हे आपलंच होतं, आपण ते घेतलं होतं आणि मग.

"विसरले असेन," चोल्पोन म्हणाली.

तिलेक आधी हसला. मग आयपेरी.

कुबात हसला नाही. तो ताटं गोळा करत आला, तिच्या ताटातल्या अर्ध्या राहिलेल्या हाडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढून तिच्यापुढे उघडून धरली. जेवणानंतर सगळ्यांनाच मिळते ती. उरलेलं घरी न्यायचं असतं.

"न्या, एजे," तो म्हणाला. "घरी शेगडी आहे ना?"